नेट अडतंय? नवा प्लॅन घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

घरातलं वायफाय अडायला लागलं की नेटवाल्याला फोन जातो आणि तिकडून बहुतेकदा एकच सल्ला येतो : प्लॅन वाढवून घ्या. लगेच हो म्हणू नका. नेट बिघडण्याच्या जागा तीनच. रस्त्यावरून घरापर्यंत येणारी तार, भिंतीवरचा डबा (राउटर त्यातच असतो किंवा वेगळा), आणि डब्यापासून तुमच्या मोबाइलपर्यंतचं अंतर. तार कंपनीची, तिची दुरुस्तीही कंपनीची. डबा कंपनीने दिलेला असेल तर तोही तिचाच. उरलेलं अंतर तुमच्या घरातलं, आणि तिथला दोष अनेकदा फुकटात, नाही तर पाचशे रुपयांच्या आत सुटतो. तो मोठ्या प्लॅनने सुटत नाही. ज्या खोलीत ४० एमबीपीएस पोचत नाही, तिथे २०० एमबीपीएसही पोचत नाही.

तपासायला अर्धा तास लागतो. जवळ एक लॅपटॉप, एक मोबाइल आणि एक लॅन केबल ठेवा. राउटरच्या खोक्यात अशी केबल बहुधा आलेली असते, नसेल तर दीड-दोन मीटरची केबल १००-१५० रुपयांत मिळते.

आधी दिवे बघा

घरात फायबर आलेलं असेल तर डब्यावर 'पॉन' आणि 'एलओएस' अशी दोन नावं दिसतील. पॉन स्थिर हिरवा म्हणजे लाइन जिवंत आहे. एलओएस लाल पेटला म्हणजे डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही : तार तुटली, जोड सुटला किंवा तार जास्त वाकली. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. डब्याच्या मागच्या बारीक भोकात पिन टोचून रीसेट तर मुळीच करू नका. त्यात कंपनीने भरलेली सेटिंग्ज पुसली जातात, मग तार जोडली गेली तरी नेट येत नाही आणि 'तुम्हीच बिघडवलं' म्हणून भेटीचे पैसे मागितले जातात.

लाल दिवा दिसला तर एवढंच करा. डब्यात जाणारी बारीक तार पाहा. ती कपाटामागे चेपली आहे का, खिळ्याला गुंडाळून ठेवली आहे का, खिडकीच्या झडपेत अडकली आहे का? फायबरच्या आत केसासारखी काच असते, ती तीव्र वाकली की प्रकाश गळतो. उरलेली तार बांगडीएवढ्या घेरात सैल गुंडाळून ठेवा, त्याहून लहान वळण नको. टोक सैल असेल तर हलकेच दाबून बसवा. टोक हिरवं असेल तर खाचही हिरवीच हवी, निळ्याला निळी. हिरवं टोक निळ्या खाचेत बसतं, पण दोन्हींच्या काचेचा कोन वेगळा असल्यामुळे प्रकाश कमी पोचतो. तार बदलताना घाईत असं होतं आणि मग महिनोन्‌महिने नेट 'कधी येतं, कधी जातं'. काढलेल्या टोकात डोळा घालून पाहू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

कंपनीचा माणूस घरी आला की त्याला लाइनची पॉवर मोजायला सांगा. त्याच्याकडे मीटर असतो. आकडा उणे असतो. साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला तर लाइन कमजोर. मीटरचा फोटो काढून ठेवा, पुढे तक्रारीत तो कामी येतो.

आता केबल लावून वेग मोजा

दिवे ठीक असतील तर आधी डबा आणि राउटर दोन मिनिटं बंद ठेवा. मग डबा चालू करा, दिवे स्थिर झाले की राउटर चालू करा. एवढ्यानेही बरंच सुटतं.

नाही सुटलं तर लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅन केबलने लॅपटॉप थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड ॲप मोबाइलवर आहे, लॅपटॉपवर फास्ट डॉट कॉम किंवा उकलाची चाचणी चालते. घरातला टीव्ही, कॅमेरे, बाकीचे मोबाइल तेवढ्यापुरते बंद ठेवा. मग केबल काढून राउटरपासून दोन पावलांवर वायफायवर मोजा, आणि शेवटी ज्या खोलीत त्रास होतो तिथे मोजा.

केबलवरच वेग कमी आला, आणि राउटरचं पोर्ट जुनं, १०० एमबीपीएसचं नसेल, तर दोष बाहेर आहे. कंपनीला कळवा, घरात एक रुपयाही खर्च करू नका. केबलवर पूर्ण, राउटरजवळ वायफायवर कमी, तर राउटरचा दोष. दोन्हीकडे पूर्ण आणि फक्त मागच्या खोलीत कमी, तर जागेचा दोष.

नेट पूर्ण जात नाही पण मधेच अडतं, बैठक सुरू असताना आवाज तुटतो, अशी तक्रार असेल तर वेगाची चाचणी फसवते. लॅपटॉप वायफायवर ठेवून त्याच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगची आज्ञा दोनदा द्या. एकदा राउटरच्या पत्त्यावर (तो राउटरच्या तळाशी छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), एकदा ८.८.८.८ वर. राउटरकडूनच उत्तर चुकत असेल तर घरातलं वायफाय खराब. राउटर नीट उत्तर देतो पण ८.८.८.८ चुकतं, तर दोष बाहेरचा. पडद्याचा फोटो घ्या.

एक गोष्ट आवर्जून करा : केबलवरची चाचणी सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास अशी तीन वेळा घ्या. सकाळी ९५ आणि रात्री १२ येत असेल तर तुमच्या गल्लीत एका लाइनवर जास्त ग्राहक चढवले आहेत. इथे प्लॅन वाढवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. कंपनी बदला.

आकडे वाचताना एक हिशेब लक्षात ठेवा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट उतरतात, म्हणजे १ जीबीच्या फाइलला साधारण ८० सेकंद. यात फसवणूक नाही. आणि गरज किती? एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस, मोठ्या टीव्हीवरच्या फोर-केला १५ ते २५, व्हिडिओ कॉलला ३-४. चार माणसांच्या घराला ४०-५० एमबीपीएस बहुतेकदा पुरतात. २०० चा प्लॅन घेतला आणि राउटर जुना, १०० एमबीपीएसच्या पोर्टचा असेल, तर केबलवरही ९५ च्या पुढे आकडा जाणार नाही. वरचे पैसे दरमहा वाया.

कूलर, मातीची भिंत, टिनाचं छप्पर

आपल्याकडे वायफायचा हंगामी शत्रू म्हणजे कूलर. मार्चअखेर खिडकीत कूलर बसतो आणि 'एप्रिलपासून नेट बिघडलं' अशा तक्रारी सुरू होतात. कारण सरळ आहे. नेटची तार बहुतेक घरांत खिडकीतून आत येते, म्हणून राउटरही खिडकीजवळच टांगलेला असतो. त्याच खिडकीत लोखंडी पत्र्याचा, पोटात ५०-१०० लिटर पाणी असलेला कूलर येऊन बसतो. पत्रा रेडिओलहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. वर ओल आणि शिंतोडे. कूलर आणि राउटर यांच्यात निदान दोन-अडीच मीटर अंतर ठेवा, आणि कूलर राउटर व तुमच्या बैठकीच्या मधे येऊ देऊ नका. तार पुरत नसेल तर नेटवाल्याकडून ती वाढवून घ्या. त्याच वेळी विचारा, तारेचे मीटरमागे पैसे किती.

उन्हाळ्यात दुसरा त्रास तापमानाचा. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. बंद कपाटात, टीव्हीच्या मागे, टिनाखालच्या माळ्यावर ठेवलेला राउटर दुपारी तापून बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतो. दुपारी एक ते पाच याच वेळेत नेट जात असेल तर आधी राउटरला हात लावून पाहा. मोकळ्या हवेत, छातीच्या उंचीवर, उभ्या अँटेनांसह ठेवा. फ्रिज, आरसा, लोखंडी कपाट, माशांची टाकी आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून दूर. मायक्रोवेव्ह चालतो तोही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणून स्वयंपाकघरात तो सुरू झाला की शेजारच्या खोलीतलं नेट अडतं.

घर कसं आहे त्यावर उपाय ठरतो. अमरावतीत परकोटाच्या आत, बुधवारा-अंबागेटकडच्या जुन्या घरांत आणि अकोल्यात मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात मातीच्या-विटांच्या हातभर जाड भिंती आहेत. अशा दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पोचतच नाही, २.४ ही दमतं. इथे महागडा राउटर घेऊन उपयोग नाही, आतल्या खोलीपर्यंत केबलच ओढा. अमरावतीत कठोरा रोड, रहाटगाव किंवा अकोल्यात कौलखेड, खडकीकडच्या नव्या घरांत अडथळा स्लॅबचा. खाली राउटर आणि वर मुलांच्या खोल्या असतील तर राउटर जिन्याजवळ, पहिल्या मजल्याच्या उंचीवर लावा. जिन्याच्या मोकळ्या जागेतून लहरी वर जातात.

सदनिकेत राहत असाल तर अडथळा शेजाऱ्यांचा. मोबाइलवर वायफाय अॅनलायझर टाकून पाहा, वीस-पंचवीस नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यांतला सगळ्यांत मोकळा चॅनेल निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. राउटर दोन बँडचा असेल तर दोन्हींना वेगळी नावं द्या : टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, लांबच्या खोलीतले मोबाइल आणि कॅमेरे २.४ वर. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. त्याच बैठकीत राउटरचा कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटणाने जोडायची सोय) बंद करा. वायफायचा पासवर्ड अख्ख्या मजल्याला माहीत असेल तर तोही बदला. अनेकदा नेट कमी पडतं ते वाटून गेल्यामुळे.

विकत घ्यायचंच तर काय, केवढ्याला

घरात जुना राउटर पडून असेल तर तो सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. मुख्य राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत केबल ओढा, जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर दगा देते. मीटरला साधारण १५ ते ३० रुपये, टोकाचा कनेक्टर ५-१० रुपये. पंधरा मीटरचं काम सामानासह ३००-५०० रुपयांत होतं, टोकं दाबून देणाऱ्याची मजुरी वेगळी ठरवा. टोक दाबताना आठही तारा जोडायला सांगा. चारच जोडल्या तरी नेट चालतं, पण १०० एमबीपीएसवर अडकतं.

रिपीटर भिंतीत खोचला की झालं, म्हणून लोक तो घेतात. किंमत १,२०० ते २,०००. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, म्हणून पुढे वेग जवळपास निम्मा होतो. आणि जिथे रेंजच नाही त्या खोलीत तो लावून काहीच मिळत नाही. तो मधल्या जागी, जिथे अजून चांगली रेंज आहे तिथे लावायचा असतो. मेश किटचे दोन डबे साधारण ५,००० ते ८,००० ला पडतात. मोठं दुमजली घर असेल आणि केबल ओढणं शक्यच नसेल तरच हा खर्च करा.

नवा राउटर घेताना एका बँडचा घेऊ नका. तो हजार-बाराशेला मिळतो, पण पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. दोन बँडचा १,८०० ते २,५०० च्या दरम्यान मिळतो, वायफाय-६ चा साडेतीन-चार हजारांच्या पुढे. खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' लिहिलं आहे का ते वाचून घ्या. अमरावतीत राजकमल-जयस्तंभ भागात आणि अकोल्यात गांधी रोड-टिळक रोडच्या बाजारात विचारा, ऑनलाइन किंमत मोबाइलवर दाखवा, आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटी बिलावर चालते, दुकानदाराच्या शब्दावर नाही. मोबाइलला चिकटवायचे 'सिग्नल बूस्टर' स्टिकर आणि भिंतीत खोचायचे 'वायफाय तिप्पट' दिवे घेऊ नका.

लाइट गेली की नेटही जातं?

महावितरणची लाइट गेली आणि नेट गेलं, तर आधी घरात येणारी तार बघा. बारीक फायबर थेट घरात येत असेल तर मधल्या खांबावर वीज लागत नाही. डबा आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाही तर १,००० ते २,००० रुपयांचा राउटरचा छोटा यूपीएस लावा. घेताना अॅडॉप्टरवरचा आकडा जुळवा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण काही डबे ९ व्होल्टचेही असतात आणि चुकीच्या यूपीएसने जळतात. डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोन आउटपुटचा घ्या.

घरात जाड, निळी-करडी लॅन केबल येत असेल तर खांबावर किंवा कोणाच्या गच्चीवर स्विच आहे, आणि तो कोणाच्या तरी घरच्या विजेवर चालतो. त्या घरची लाइट गेली की तुमचं नेट जाणार, तुमच्याकडे यूपीएस असला तरी. अशा ठिकाणी यूपीएसवर खर्च करू नका, फायबर ओढून मागा. या तांब्याच्या तारेला आणखी एक धोका आहे : मे-जूनच्या वळवाच्या पावसात वीज जवळ पडली तर तारेतून येणारा झटका राउटरचं पोर्ट जाळतो. गडगडाट सुरू झाला की बाहेरून येणारी केबल काढून ठेवा. अशा जळलेल्या राउटरला वॉरंटी सहसा लागू होत नाही.

कूलर किंवा पाण्याची मोटार सुरू होताच राउटर बंद होऊन परत सुरू होत असेल तर दोष नेटचा नाही, व्होल्टेजचा आहे. छोट्या यूपीएसने तो जातो.

बिलात लपलेले पैसे

जाहिरातीतला आकडा कराशिवाय असतो. टेलिकॉम सेवेवर जीएसटी १८ टक्के. म्हणजे ३९९ चे ४७१, ४९९ चे ५८९, ६९९ चे ८२५, ९९९ चे १,१७९.

पहिल्या दिवशी खिशातून किती जातात ते उदाहरणाने पाहा. ४९९ चा प्लॅन, अट सहा महिने आगाऊ. भाडं २,९९४, त्यावर जीएसटी ५३९. बसवण्याचे १,०००, त्यावर जीएसटी १८०. डब्याची अनामत १,०००. 'तीस मीटर तार जास्त लागली' म्हणून मीटरला १५ प्रमाणे ४५०. बेरीज ६,१६३. सहा महिन्यांनी भागा : महिन्याला १,०२७. यातले हजार परत मिळायचे आहेत, पण फक्त पावती असेल तर.

म्हणून होकार देण्याआधी हे प्रश्न व्हॉट्सॲपवर लिहून विचारा आणि उत्तर लिहूनच घ्या. किती मीटर तार फुकट? डबा भाड्याचा, अनामतीचा की विकत? अनामत कधी परत? घर बदललं तर लाइन हलवायचे किती? सहा महिन्यांच्या आत बंद केलं तर उरलेले पैसे मिळतात का? डेटाची मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती? 'अनलिमिटेड' म्हटलं तरी फायबरच्या अनेक प्लॅनांत महिन्याला ३,३०० जीबी ही रेषा असते. साध्या घराला ती पुरून उरते. गच्चीवर अँटेना लावून फाइव्ह-जीवर चालणाऱ्या एअरफायबरची मर्यादा मात्र बरीच कमी, साधारण १,००० जीबी. घरात दोन टीव्ही दिवसभर चालत असतील तर हा आकडा तपासूनच घ्या. फायबर तुमच्या गल्लीत येत असेल तर फायबरच घ्या. एअरफायबर त्यांच्यासाठी, ज्यांच्या नव्या लेआउटमध्ये अजून खांब-तार पोचलेली नाही.

पैसे केबलवाल्याच्या खासगी यूपीआयवर टाकत असाल तर पावती मागा. गल्लीतला केबलवाला बहुधा एखाद्या परवानाधारक कंपनीचा भागीदार असतो. बीएसएनएलचं घरगुती फायबरही अनेक ठिकाणी अशा भागीदारांमार्फतच येतं. बिलावर कंपनीचं नाव, ग्राहक क्रमांक आणि जीएसटी क्रमांक असायला हवा. यांपैकी काही नसेल तर बिघाडाच्या दिवशी तुमची तक्रार कुणाच्या दारात न्यायची, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

कागदपत्रं फार लागत नाहीत : आधार, फोटो, आणि आधारवरचा पत्ता वेगळा असेल तर विजेचं बिल किंवा भाडेकरार. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर 'फक्त ब्रॉडबँड कनेक्शनसाठी' आणि तारीख लिहून सही करा. पैसे भरल्यापासून सात कामकाजी दिवसांत कनेक्शन सुरू व्हावं असा ट्रायचा मापदंड आहे. 'खांबाची परवानगी यायची आहे' म्हणून महिनाभर थांबवलं जात असेल तर पैसे परत मागा. मोबाइलसारखी क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलायची सोय ब्रॉडबँडला नाही. म्हणून नवं सुरू झालं, आठवडाभर चाललं, की मगच जुनं बंद करा.

तक्रार तोंडी करू नका

लाइनमनला फोन केला, तो 'येतो' म्हणाला, ही तक्रार नव्हे. तक्रार कंपनीच्या क्रमांकावर किंवा ॲपमध्ये नोंदवा. बीएसएनएलचा क्रमांक १८००-४४४४, जिओफायबरचा १८००-८९६-९९९९. बाकीच्यांचा बिलावर असतो. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागा, तो एसएमएसने यायला हवा. लाइनमन म्हणाला 'आधी तक्रार बंद करू द्या, मग काम करतो', तर नको म्हणा. काम न होता 'तक्रार सोडवली' असा एसएमएस आला तर त्याच दिवशी पुन्हा नोंदवा आणि जुना क्रमांक सांगा. तीन दिवस अशी तक्रार बंद-चालू होत राहिली तर कंपनीच्या हिशेबात तुमचं नेट एक दिवसही बंद नव्हतं, आणि भरपाई बुडते.

ती भरपाई हक्काची आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार तारेच्या सेवेतला बिघाड तीन दिवसांनंतरही राहिला तर कंपनीने ग्राहकाला मोबदला द्यायचा आहे, प्रीपेड ग्राहकालाही. जेसीबीने रस्ता खोदताना तार तोडली असेल तरी तुमच्याकडून जोडणीचे पैसे घेता येत नाहीत. 'कॉलनीने वर्गणी काढा' हे ऐकून घेऊ नका.

उत्तर नाही मिळालं किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. त्याचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. दूरसंचार विभागाचा तक्रार क्रमांक १०६३, आणि केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवरही तक्रार टाकता येते. १९१५ ला केलेली तक्रार अनेकदा कंपनीच्या वरच्या टेबलावर लवकर पोचते, म्हणून ती टाळू नका.

पैसे अडकले असतील तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. अमरावतीलाही आहे, अकोल्यालाही. कंपनीचं कार्यालय मुंबईला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मुदत दोन वर्षांची. 'टेलिकॉमचे खटले ग्राहक आयोगात चालत नाहीत' असं कुणी सांगितलं तर १६ फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा : व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल. चालतात.

'तुमचं नेट आज रात्री बंद होणार, केवायसी करा' असा फोन आला, सोबत एखादी एपीके फाइल आली किंवा मोबाइलचा पडदा दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर तिथल्या तिथे १९३० वर कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

कनेक्शन सोडताना

बंद करायची विनंती लेखी द्या : ॲप, ईमेल किंवा कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. न कळवता सोडून दिलं तर पोस्टपेड प्लॅनचं बिल चढत राहतं आणि वर्षाने वसुलीचे फोन सुरू होतात. बँकेतला ऑटो-पे वेगळा बंद करा, तो कनेक्शनबरोबर आपोआप थांबतोच असं नाही. डबा, अॅडॉप्टर आणि असेल तर सेट-टॉप बॉक्स परत देताना तिन्हींचा एकत्र फोटो घ्या, डब्याच्या तळाचा अनुक्रमांक फोटोत दिसू द्या, आणि 'सुस्थितीत मिळाले' अशी सहीची पावती घेतल्याशिवाय डबा हातातून सोडू नका. अॅडॉप्टर दिला नाही म्हणून अख्खी अनामत अडवली जाते. तोही पावतीवर लिहून घ्या.